अस्थिमज्जा प्रत्यारोपण डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही: सार्वजनिक आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई

विषय: मूलपेशी प्रत्यारोपणाला (म्हणजेच अस्थिमज्जा प्रत्यारोपणाला) मिळणारे योजनेचे संरक्षण दात्याच्या शोधापासून प्रत्यारोपणानंतरच्या पूर्ण वर्षापर्यंत वाढवण्याबाबत

महोदय,

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२५ मध्ये झालेल्या फेरबदलांबद्दल थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराने ग्रस्त मुलाची आई म्हणून मी सर्वप्रथम आपले मनापासून आभार मानते. योजनेतील उपचारांची संख्या १३५६ वरून २३९९ झाली. पाच लाखांच्या मर्यादेत न बसणाऱ्या नऊ खर्चिक उपचारांसाठी राखीव निधी उभारण्याचे ठरले आणि त्यांत अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचाही समावेश झाला. नात्यातील जुळणाऱ्या दात्याकडून होणाऱ्या प्रत्यारोपणासाठी साडेनऊ लाख, तर असंबंधित दात्याकडून किंवा अर्ध्या जुळणीवर होणाऱ्या प्रत्यारोपणासाठी १७ लाख रुपयांची तरतूद जाहीर झाली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ही योजना 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने सुरू झाली, तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. तिथपासून शासन इथवर आले, ही लहान गोष्ट नाही.

तरीही हे पत्र लिहिणे मला भाग पडले आहे. योजनेची सगळी मांडणी रुग्णालयात दाखल होण्यावर उभी आहे. रुग्ण दाखल होतो, पूर्वमंजुरी येते, पॅकेजप्रमाणे उपचार होतात, रुग्ण घरी जातो आणि दावा मंजूर होतो. अपेंडिक्स, मोतीबिंदू, अगदी हृदयाची बायपाससुद्धा या चौकटीत बसते. मूलपेशी प्रत्यारोपण मात्र तिच्यात बसत नाही, कारण त्याची सुरुवात दाखल होण्याच्या कितीतरी महिने आधी होते आणि त्याचा सर्वांत धोकादायक काळ बऱ्याच अंशी घरी सोडल्यानंतरच येतो. मधल्या मुक्कामाचे पैसे शासनाने दिले, पण अलीकडचा आणि पलीकडचा काळ कुटुंबावर सोडला, तर प्रत्यारोपण होऊनही मूल हातचे जाऊ शकते. नव्या निधीचे तपशीलवार नियम राबवताना हा विचार आत्ताच झाला पाहिजे, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र.

मी जळगाव जिल्ह्यातील एका खाजगी विनाअनुदानित शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या मुलाला थॅलेसेमिया मेजर असल्याचे तो वर्षाचा होण्याआधीच कळले. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचे, त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी रोज डेफेरासिरॉक्सची गोळी पाण्यात विरघळवून पाजायची आणि फेरिटिनचा (साठलेले लोह दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) आकडा किती आला यावर घरातल्या सगळ्यांचा महिना कसा जाणार हे ठरायचे, अशी आमची काही वर्षे गेली. त्याच्या मोठ्या बहिणीची एचएलए जुळणी, म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशींवरील ओळखखुणांची जुळणी, झाली नाही. शेवटी त्याच्या वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या मूलपेशींवर मुंबईत प्रत्यारोपण झाले. आज तो रक्ताशिवाय जगतो आहे. ज्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी हे शक्य केले त्यांच्याविषयी मला तक्रार नाही. हे सगळे नव्या निधीच्या आधी घडले, त्यामुळे योजनेचा आम्हाला उपयोग झाला नाही. पैसा धर्मादाय न्यास, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, नातेवाईक, सोने आणि पतसंस्थेचे कर्ज यांतून जमवला. ते प्रकरण आता उकरून काढण्यासाठी मी लिहीत नाही. त्या प्रवासात दिसलेल्या फटी नव्या निधीनेही बुजणार नाहीत, अशी मला भीती वाटते आणि उद्या त्यांतून दुसऱ्या कोणाचे तरी मूल खाली पडेल.

पहिली फट दात्याच्या शोधाची आहे. प्रत्यारोपण शक्य आहे की नाही हे एचएलए चाचणीवर ठरते. सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणजे मुलाची, प्रत्येक भावंडाची आणि बऱ्याचदा आईवडिलांचीही चाचणी करावी लागते. हा खर्च रुग्णालयात दाखल होण्याच्या कोणत्याही पॅकेजचा भाग नसतो, कारण तेव्हा मूल दाखलच झालेले नसते. महात्मा फुले योजनेशी जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या नियमांप्रमाणे दाखल होण्यापूर्वीच्या ३ दिवसांचा खर्च पॅकेजमध्ये धरला जातो. दात्याची निश्चिती ३ दिवसांत होत नाही, तिला अनेक आठवडे लागतात. आज थॅलेसेमियाच्या मुलांची मोफत एचएलए तपासणी प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांच्या शिबिरांतून होते. त्या संस्थांचे ऋण मी मानते, पण शिबिर ज्या शहरात भरते तिथल्या मुलांना त्याचा लाभ मिळतो आणि चोपडा किंवा धडगावच्या मुलाला आपल्या बहिणीच्या शरीरात आपला इलाज आहे हे कित्येक वर्षे कळतच नाही.

आणि या आजारात वर्षे वाया जाणे म्हणजे शक्यता कमी होणे. थॅलेसेमियात यकृत वाढण्यापूर्वी, त्यात तंतुमयता येण्यापूर्वी, लोहाचे प्रमाण आटोक्यात असताना प्रत्यारोपण झाले तर निकाल सर्वांत चांगले येतात, हे इटलीतील पेसारोच्या डॉक्टरांनी काही दशकांपूर्वीच दाखवून दिले आणि आजही मुलांची जोखीम याच निकषांवर ठरवली जाते. अप्लास्टिक अॅनिमियात, म्हणजे मज्जा रक्त तयार करणेच थांबवते त्या आजारात, तर प्रत्येक वेळी चढवलेल्या रक्तामुळे शरीर परक्या पेशींविरुद्ध अधिक सज्ज होते आणि नवी मज्जा नाकारली जाण्याचा धोका वाढतो. तेव्हा १७ लाखांची तरतूद हाताशी असूनही ती मुलाच्या दहाव्या वर्षाऐवजी चौथ्या वर्षी वापरता आली असती, हे कोणाच्या लक्षातच येत नसेल, तर ती तरतूद अर्धीच उपयोगी पडते.

नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भ-खानदेशच्या आदिवासी पट्ट्यातील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचा विचार इथेच करायला हवा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातून गावोगाव तपासण्या होत आहेत आणि तपासणीचा निकाल सांगणारी रंगीत कार्डेही वाटली जात आहेत. तीव्र स्वरूपाचा सिकलसेल असलेल्या ज्या मुलाला जुळणारे भावंड आहे, त्याला प्रत्यारोपणाने बरे होण्याची संधी असते. ज्या घरात आरोग्यसेविका रंगाचे कार्ड घेऊन पोहोचते, तिथे भावंडांच्या एचएलए चाचणीसाठी रक्ताचा किंवा गालाच्या आतल्या भागाचा नमुनाही पोहोचू शकतो. यंत्रणा अस्तित्वात आहे. फक्त तिच्या हातात हे काम दिलेले नाही.

भावंड जुळले नाही तर पुढची वाट असंबंधित दात्याची. जगभरच्या नोंदींमध्ये ४ कोटींहून अधिक इच्छुक दाते आहेत, पण जुळणी वंशावर अवलंबून असल्यामुळे आपल्या मुलांना दाता मिळण्याची शक्यता भारतीय दात्यांमध्येच जास्त असते आणि त्या ४ कोटींत भारतीय फारच थोडे आहेत. दात्री, डीकेएमएस इंडिया यांसारख्या संस्था हे काम करतात. दाता सापडला, तरी त्याची फेरतपासणी, मूलपेशी गोळा करणे आणि त्या वेळेत पोहोचवणे याचा वेगळा खर्च येतो आणि पेशी परदेशातून आणायच्या झाल्या तर तो अनेक पटींनी वाढतो. असंबंधित दात्यासाठी जाहीर झालेल्या १७ लाखांत हा खर्च धरला आहे की रुग्णालयातील उपचारांचाच, हे सामान्य पालकाला कुठेही सोप्या मराठीत वाचायला मिळत नाही.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. मुख्य प्रत्यारोपण पाहणाऱ्याला साधे वाटते. आधी काही दिवस तीव्र केमोथेरपी देऊन मुलाची स्वतःची मज्जा संपवतात. मग एका दुपारी रक्ताच्या पिशवीसारखीच एक पिशवी लावतात आणि काही तासांत ती रिकामी होते. त्यानंतर पांढऱ्या पेशी वर येईपर्यंत दोन-चार आठवडे मूल हवा गाळून आत सोडणाऱ्या हेपा फिल्टरच्या बंद खोलीत असते. हा काळ कठीण असतो, पण तिथे चोवीस तास माणसे हजर असतात. खरी कसोटी घरी सोडल्यावर लागते. पहिले शंभर दिवस जोखमीचे मानले जातात आणि अर्ध्या जुळणीच्या किंवा असंबंधित दात्याच्या प्रत्यारोपणात ती जोखीम कित्येक महिने टिकते. दात्याच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करू शकतात. त्याला ग्राफ्ट व्हर्सस होस्ट आजार म्हणतात आणि आम्ही पालक नुसते 'जीव्हीएचडी' म्हणतो. शरीरात दबा धरून बसलेला सायटोमेगालो विषाणू उसळी मारू शकतो. बुरशीचा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो.

त्या काळातली आमची एक सकाळ सांगते, कारण योजनेचे नियम लिहिणाऱ्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी असे मला वाटते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या सायक्लोस्पोरीन या औषधाची रक्तातील पातळी मोजायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस न देता मुलाला रुग्णालयात न्यायचे, रक्त द्यायचे आणि मग तिथेच बाकावर बसून ती उग्र वासाची कॅप्सूल त्याच्या गळी उतरवायची. कॅप्सूल फोडली की वास खोलीभर पसरतो, म्हणून तो तोंड फिरवतो. त्यानंतर विषाणूची औषधे, बुरशीची औषधे, न्यूमोनिया टाळण्याची गोळी, पोटाचे औषध, मॅग्नेशियम. वहीत प्रत्येकापुढे वेळ आणि बरोबरची खूण. दुपारी पातळीचा आकडा येतो, डॉक्टर डोस बदलतात आणि कालच घेतलेली पन्नास मिलिग्रॅमची पाकिटे बाजूला ठेवून पंचवीसची आणावी लागतात. औषधाच्या दुकानात आणि प्रयोगशाळेच्या खिडकीवर होणारा हा सगळा खर्च बाह्यरुग्ण विभागाचा ठरतो आणि आयुष्मान भारतमध्ये बाह्यरुग्ण उपचार येत नाहीत. डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे मिळतात. शंभर दिवस जपायच्या आजाराला १५ दिवसांची साथ, हा या पत्रातील माझा मुख्य आक्षेप आहे. बियाणे शासनाने द्यावे आणि पेरणीनंतरचे पाणी शेतकऱ्याने विकत घ्यावे, असा हा हिशेब झाला, आणि पीक जळते ते पाण्यावाचून.

जीव्हीएचडी स्टिरॉइडला दाद देत नसेल तर रक्सोलिटिनिबसारखे औषध लागते. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद पडण्याची गुंतागुंत झाली तर डेफिब्रोटाइड लागते, जे सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचे महाग आहे. या गोष्टी प्रत्येक मुलाच्या बाबतीत घडत नाहीत, पण घडतात तेव्हा ठरीव रकमेचे पॅकेज पुरत नाही. रुग्णालय 'गुंतागुंतीसाठी वेगळे डिपॉझिट भरा' म्हणते आणि बाप मुलाच्या खाटेशेजारून उठून फोन लावायला बाहेर जातो. ज्या खाजगी रुग्णालयात आमच्या मुलाला तापासाठी पुन्हा दाखल करावे लागले, तिथे आम्ही हेच अनुभवले. तशा वेळी सर्वांत आधी तापाचे कारण शोधायचे असते आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायचे असते. पैशांची जुळवाजुळव ही त्या तासाभरातली गोष्ट नव्हे.

मुंबईतील मुक्कामाबद्दल थोडक्यात सांगते. प्रत्यारोपणाची केंद्रे प्रामुख्याने मुंबई-पुण्याच्या आसपास आणि थोडी नागपुरात आहेत. प्रतिकारशक्ती दाबलेल्या मुलाला घेऊन रुग्णालयाजवळ राहावेच लागते, स्वतंत्र स्वयंपाक लागतो, उकळून गार केलेले पाणी लागते, ज्या खोलीत दुसरे कोणी खोकत नाही अशी खोली लागते. थॅलेसेमियाच्या रुग्णाला रेल्वेची प्रवास सवलत आहे, पण प्रत्यारोपणानंतरच्या मुलाला गर्दीच्या डब्यात बसवता येत नाही, त्यामुळे ती सवलत नेमकी गरजेच्या वेळी कामाला येत नाही. आईवडिलांपैकी एकाची नोकरी किंवा मजुरी थांबते. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा थेट खात्यात पैसे देण्याची पद्धत केंद्र शासनाने रुजवली आहे. त्याच पद्धतीने प्रत्यारोपणाच्या कुटुंबाला मुक्कामाचा ठरावीक भत्ता देणे अवघड नाही.

मुंबईहून घरी परतल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्यारोपण झालेल्या मुलाला रक्त किंवा प्लेटलेट लागल्या तर त्या विकिरण केलेल्या (किरणांचा मारा करून त्यांतील पांढऱ्या पेशी निष्क्रिय केलेल्या) असाव्या लागतात, नाहीतर चढवलेल्या रक्तातील पेशीच जीवघेण्या ठरू शकतात. ती सोय मोजक्याच रक्तकेंद्रांत आहे. मुलाचे जुने लसीकरण पुसले गेलेले असते, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरानंतर लसी पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागतात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या मुलाला बाळाच्या लसी का द्यायच्या, हे समजावण्यातच आईचा दिवस जातो. जिल्ह्यातील डॉक्टर कमी पडतात असे मी म्हणत नाही. त्यांना कोणी लेखी सूचना दिलेल्या नाहीत आणि प्रत्यारोपण केंद्राशी त्यांचा संपर्क जोडून दिलेला नाही.

शासनाच्या इतर तरतुदींशी या निधीचा मेळ कसा घालायचा, हाही प्रश्न आहे. कोल इंडियाच्या सामाजिक दायित्व निधीतून २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत एका मुलाच्या प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते, पण ती १२ वर्षांपर्यंतच्या आणि कुटुंबात जुळणारा दाता असलेल्या मुलांसाठी. माझ्या मुलाला पूर्ण जुळणारा दाता नव्हता, म्हणून ते दार बंद. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी राष्ट्रीय आरोग्य निधी आहे. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात प्रत्यारोपणाने बरे होऊ शकणाऱ्या काही जन्मजात आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे आणि ती योग्यच आहे. राज्यात धर्मादाय रुग्णालयांवर १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवण्याचे बंधन आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, मोठे न्यास आहेत. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, उत्पन्नाची अट वेगळी, डॉक्टरांच्या सहीचा नमुना वेगळा आणि प्रत्येकाला रुग्णालयाचे ताजे अंदाजपत्रक हवे. मूल आत बंद खोलीत असताना बाप तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा असतो. हा सगळा सार्वजनिक पैसा आहे किंवा सार्वजनिक हेतूचा तरी आहे. तो एका खिडकीतून देणे शासनालाच शक्य आहे, पालकांना नाही.

सार्वजनिक क्षेत्राला हे जमणार नाही, असा युक्तिवाद होऊ नये म्हणून एक इतिहासही सांगते. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती. पुढे ते काम खारघरच्या अॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्याच कर्करोग केंद्रात विस्तारले. बोरिवलीत मुंबई महानगरपालिकेने थॅलेसेमियाग्रस्त मुलांसाठी स्वतंत्र प्रत्यारोपण केंद्र उभे केले आहे आणि ते चालते आहे. एक महापालिका जे करू शकते ते विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात राज्य शासनाने का करू नये? थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे मोठे ओझे तिथेच आहे, मग ही मुले कायम मुंबईच्याच गाडीत का बसवायची?

प्रौढ रुग्णांविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. पण मुलाच्या वॉर्डाशेजारच्या वॉर्डात मल्टिपल मायलोमा आणि हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगांचे रुग्ण होते, ज्यांच्यावर त्यांच्या स्वतःच्याच मूलपेशी परत देऊन उपचार होतात. राखीव निधीच्या यादीत मुख्यतः दुसऱ्या दात्याच्या प्रत्यारोपणाचे प्रकार दिसतात. स्वतःच्या पेशींच्या प्रत्यारोपणाला किती संरक्षण आहे, हेही त्या रुग्णांना स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे.

आणखी एक बाब नोंदवते. 'स्टेम सेल'च्या नावाखाली ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत सगळे बरे करण्याचा दावा करणारी दुकाने शहरोशहरी उघडली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या मान्य आजारांसाठी होणारे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा इतर वापर संशोधनापुरताच मर्यादित आहे. या निधीतील एक रुपयाही त्या दुकानांकडे वळू नये आणि शासनाने लोकांना त्याबद्दल स्पष्टपणे सावध करावे, असे आम्हा पालकांचेही म्हणणे आहे. गरजू मुलांचा हक्काचा पैसा जपून वापरला जावा, हे आमच्याइतके कोणाला वाटणार?

या सर्व पार्श्वभूमीवर माझ्या मागण्या अशा आहेत:

१. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि अप्लास्टिक अॅनिमियाच्या प्रत्येक नोंदणीकृत मुलाची, त्याच्या सर्व भावंडांची आणि आईवडिलांची एचएलए चाचणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमार्फत मोफत करावी. निदान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती पूर्ण होईल, असा नियम असावा.

२. असंबंधित दात्याच्या शोधाचा, तपासणीचा आणि मूलपेशी आणण्याचा खर्च प्रत्यारोपणाच्या पॅकेजपासून वेगळा, त्यावर अतिरिक्त म्हणून मंजूर करावा.

३. प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्षाची औषधे, रक्तचाचण्या आणि पुन्हा दाखल होण्याचा खर्च योजनेत आणावा. या रुग्णांसाठी १५ दिवसांची मर्यादा लागू करू नये.

४. तीव्र जीव्हीएचडी, यकृताच्या रक्तवाहिन्यांचा अडथळा, विषाणू आणि बुरशी यांच्या गंभीर संसर्गांसाठी स्वतंत्र तरतूद असावी. तिची पूर्वमंजुरी २४ तासांत मिळावी आणि मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट मागून उपचार थांबवण्यास रुग्णालयांना मनाई असावी.

५. रुग्णालयाजवळच्या मुक्कामासाठी कुटुंबाला पहिल्या शंभर दिवसांचा भत्ता थेट खात्यात द्यावा.

६. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या रुग्णांसाठी एक जबाबदार डॉक्टर नेमावा आणि त्याला प्रत्यारोपण केंद्राशी जोडावे. विकिरण केलेले रक्त निदान प्रत्येक महसुली विभागात उपलब्ध करावे. पुनर्लसीकरणाबाबत सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रांना लेखी परिपत्रक काढावे.

७. विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात सार्वजनिक प्रत्यारोपण केंद्रे उभारण्याचा कालबद्ध आराखडा जाहीर करावा.

८. सर्व शासकीय आणि न्यासांच्या मदतीसाठी एकच अर्ज आणि एकच खिडकी करावी. रुग्णालयांत योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्रांना त्याचे प्रशिक्षण द्यावे.

९. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या प्रत्येक पॅकेजमध्ये काय येते आणि काय येत नाही, कोणती रुग्णालये ते करतात आणि तिथे किती काळ थांबावे लागते, हे सोप्या मराठीत योजनेच्या संकेतस्थळावर आणि प्रत्येक अंगीकृत रुग्णालयाच्या फलकावर लावावे.

यांतील तिसरी आणि नववी मागणी तातडीची आहे. नववीला पैसा लागत नाही, ती याच महिन्यात पूर्ण होऊ शकते. तिसरीला पैसा लागेल, पण प्रत्यारोपणावर खर्च केलेले १७ लाख वाया जाऊ नयेत एवढ्यापुरता तरी तो शासनाच्याच हिताचा आहे. राखीव निधीतून प्रत्यारोपण झालेल्या किती रुग्णांना नंतर पैशांअभावी औषधे थांबवावी लागली, याची नोंद पहिल्या वर्षापासूनच ठेवली, तर हा खर्च आवश्यक होता की नाही याचे उत्तर शासनाकडेच तयार असेल.

विभागाने या पत्राला लेखी उत्तर द्यावे आणि तज्ज्ञांबरोबर आम्हा पालकांपैकी काही जणांना चर्चेसाठी बोलवावे, अशी विनंती आहे. कागदपत्रे, औषधांच्या वह्या आणि बिले घेऊन आम्ही मुंबईला येऊ.

आपली विश्वासू,
थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई
जळगाव जिल्हा